खिळ्यावरचा बिल्ला

भिवा तांबे मिलमध्ये नेमकं काय काम करतो, हे त्याच्या बायकोला, बकुळाला, लग्नाला बारा वर्षं झाली तरी शेजारणीला धड सांगता येत नसे. ‘पंख्याजवळ उभे ऱ्हातात’ एवढंच ती म्हणायची. शेजारणीला वाटायचं, साहेबाला वारा घालत असेल. घोडपदेवच्या त्यांच्या चाळीत म्हणून भिवाला कोणी कोणी पंखेवाला म्हणत, आणि तोही ते चालवून घेई. खरं काम समजावून सांगायला बसलं तर ऐकणाराचं पाणी भरायचं राहून जायचं.

काम असं होतं. मिलचं पहिलं खातं म्हणजे ब्लोरूम. गाठी फोडून कापूस तिथं पिंजायचा आणि त्याच्या जाड गुंडाळ्या करून पुढच्या खात्याला द्यायच्या. पिंजताना धूळ उडायची, कचरा उडायचा, सरकीचा भुसा उडायचा. ते सगळं खाली ओढून न्यायला जमिनीखाली एक भुयार होतं आणि भुयाराच्या टोकाला बैलगाडीच्या चाकाएवढा लोखंडी पंखा. पंखा बंद तर ब्लोरूम बंद, आणि ब्लोरूम बंद तर दोनचार तासांत अख्खी मिल कापसावाचून उपाशी. या पंख्याचा हॅन्डल भिंतीवर होता आणि त्या हॅन्डलवर भिवा होता.

आठवड्यातून एकदा पंखा थांबवून भुयार झाडायचं. एक माणूस झाडू नि पोतं घेऊन झडपेतून खाली उतरायचा आणि तासभर रांगत, खोकत, पांढरा भुतासारखा होऊन वर यायचा. हे काम कोणाच्या वाट्याला यायचं ते गिरणगावात कोणाला विचारावं लागत नसे, गावकुसाबाहेरच्यांच्या, भिवाच्याच वाडीतल्यांच्या. माणूस आत असताना पंखा फिरला तर साठलेली सगळी धूळ एकदम उठायची आणि झडपेपर्यंत पोचायच्या आत छाती भरून जायची. तसं पूर्वी एकदा झालं होतं. त्यानंतर हॅन्डलच्या वर भिंतीत एक खिळा आला.

आत उतरणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला, ज्यावर त्याचा नंबर कोरलेला असतो तो, या खिळ्यावर अडकवायचा. वर आला की काढून घ्यायचा. भिवाच्या आधी हॅन्डलवर राजाराम नावाचा म्हातारा होता, त्यानं भिवाला एवढंच शिकवलं होतं.

“खिळ्यावर बिल्ला हाय तवर हॅन्डलला हात लावायचा नाय. आन् ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा. बापाचा लेकानं नाय, मुकादमाचा म्यानेजरानं नाय.”

“आन् मानूस इसरला तर?”

“तर त्याला हुडकून आनायचा.”

भिवानं अकरा वर्षं तसंच केलं. एकदा एकजण वर येऊन बिल्ला न काढताच गेला, तर भिवानं त्याला संडासाच्या रांगेतून दंडाला धरून आणला, बिल्ला त्याच्या हातानं काढायला लावला आणि परत रांगेत नेऊन सोडला. तोवर रांगेतला नंबर गेला म्हणून त्यानं भिवाच्या सात पिढ्या उद्धरल्या. भिवा म्हणाला, “बोल, बोल. जित्ता हायेस म्हनून बोलतोस.”

छप्पन्न सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं ठरल्याचं रेडिओनं सांगितलं आणि लालबाग-परळचं डोकं फिरलं. मिल सकाळी चालू झाली ती नावापुरती. कान सगळ्यांचे रस्त्याकडे. त्यात तो भुयार झाडायचा दिवस. आत उतरला होता आनंदा मोरे, नंबर तीनशे अठरा. बदली कामगार, मिलमध्ये येऊन चार महिने झालेले. बोलायला कमी, खोकायला जास्त.

तो उतरून अर्धा तास झाला असेल नसेल, मागखात्याकडून पन्नाससाठ माणसांचा लोंढा घोषणा देत ब्लोरूममध्ये शिरला. मुंबई कोणाची, महाराष्ट्र कुठला, सगळं एकातएक मिसळून नुसता गजर. “चला, भाईर चला, काम बंद.” यंत्रं थांबली. भिवानं झडपेत तोंड घालून हाक मारली, “आनंदा, वर ये रे.” आतून काहीतरी ओ आली. आनंदाची आली, का भिवाचीच हाक भुयारातून फिरून आली, का मागच्या गर्दीत कोणी ओरडलं, हे त्याला तेव्हाही कळलं नाही. मग कोणीतरी त्याच्या बगलेत हात घातला, आणि तो फाटकापाशी होता, रस्त्यावर होता, लालबागच्या नाक्यावर होता, आणि डोळ्यांत धूर गेल्यावर जो पळत सुटला तो घोडपदेवला घरीच.

आठ दिवस मिल बंद. रस्त्यावर संचारबंदी. चाळीतले लोक कुठं गोळी चालली, कुठं किती गेले, हे दबक्या आवाजात बोलत. भिवा त्यांच्यात बसायचा, पण त्याचं मन झडपेपाशी. झडपेला बाहेरून कडी होती. माणूस वर आला की भिवा झडप लावून कडी सरकवायचा, इतक्या सवयीनं की हात आपोआप जायचा. त्या दिवशी हात गेला होता का?

“हात तुमचा, आन् तुमालाच ठाव नाय?” बकुळा म्हणाली.

“हाताला ठाव असंल. मला नाय.”

“आनंदा काय मुका हाय? कडी लावताना वरडला नसता?”

“गलका किती व्हता तुला काय सांगू.”

त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायला सुरुवात केली. एक म्हणाला, आनंदाला परळला काठी बसली, डोकं फुटलं. दुसरा म्हणाला, छे, त्याला धरून ठाण्याच्या तुरुंगात नेलाय. तिसऱ्यानं त्याला दादरला लॉरीच्या टपावर झेंडा धरलेला पाहिला होता, अगदी या डोळ्यांनी. चौथ्यानं विचारलं, आनंदा कोण? ही चार उत्तरं घेऊन भिवा घरी आला आणि आधी होता त्याहून गोंधळला. एकच माणूस डोकं फुटून, तुरुंगात बसून, लॉरीवर उभा कसा राहील? आणि यातलं काहीच नसेल तर तो भुयारात असेल. आठ दिवस. पाण्यावाचून.

मिल उघडायच्या दिवशी भोंग्याच्या आधी अर्धा तास तो फाटकावर हजर. आत शिरला तो थेट झडपेकडे. कडी लावलेली नव्हती. त्याचा जीव जरा खाली बसला. मग त्यानं वर पाहिलं. खिळ्यावर बिल्ला होता. तीनशे अठरा.

मुकादम दगडू परब मागून आला. तो मालवणकडचा, तोंडानं फटकळ. “काय रे भिवा, आठ दिसांनी त्या खिळ्याची पूजा करतंस काय? पंखो चालू कर.”

“आनंदाचा बिल्ला हाय, मुकादम.”

“असू दे. झडप उघडी असा. तो कधीच गेलो.”

“गेला तर बिल्ला ऱ्हायला कसा?”

“त्या दिवशी मिलीत काय काय रवला तुका ठावक आसा? माझी एक चप्पल अजून मागखात्यात असा. म्हणून मी थंय असंय काय?”

भिवा हॅन्डलपासून हलला नाही. त्यानं एक केलं. स्वतःचा बिल्ला, एक्केचाळीस नंबरचा, आनंदाच्या बिल्ल्यावर अडकवला, दगडूला हॅन्डलजवळ उभा केला, आणि झडपेतून खाली उतरला. भुयार टोकापर्यंत रांगत गेला. आनंदाचा झाडू सापडला. अर्धं भरलेलं पोतं सापडलं. आनंदा नव्हता. भिवा परत येताना कोपऱ्याकोपऱ्यात हात घालत आला, मांजर हरवल्यासारखा. वर येऊन त्यानं आपला बिल्ला काढून कमरेला लावला. आनंदाचा तसाच ठेवला.

“झाला समाधान?” दगडू म्हणाला. “आता काढ तो.”

“माझा मी काढला. त्याचा तो काढील.”

दगडूनं कपाळाला हात लावला आणि मास्तरांना बोलवायला गेला.

ब्लोरूमचे मास्तर रमाकांत प्रधान हे शिवाजी पार्ककडचे शिकलेले गृहस्थ. आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

“भिवा, तू स्वतः आत जाऊन आलास?”

“जी, मास्तर.”

“आत कोणी आहे?”

“नाय.”

“मग हा बिल्ला काय सांगतो?”

“आत मानूस हाय म्हनून सांगतो.”

“आणि तू सांगतोस की नाही. दोघांपैकी खरं कोण बोलतंय?”

भिवानं बिल्ल्याकडे पाहिलं, झडपेकडे पाहिलं. त्याला दोघंही खरे वाटत होते. तो म्हणाला, “आत कोन नाय, मास्तर, ह्ये खरं. पन आज भुयार रिकामं हाय म्हनून मी दुसऱ्याचा बिल्ला काढला, तर उद्या दगडू काढील. त्याला बी वाटंल रिकामं हाय.”

“माझा नाव कशाक घेतंस?” दगडू म्हणाला.

“दुसऱ्या कुनाचं घेऊ? हितं तुमीच उभे हाव.”

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. पुढच्या खात्याला द्यायच्या गुंडाळ्या शिल्लक होत्या त्या दुपारपर्यंत पुरणार होत्या. वरून सारखे निरोप येत होते, आठ दिवस बंद असलेली मिल आज पूर्ण चालली पाहिजे. ते शांतपणे म्हणाले, “बारा ते साडेबारा जेवणाची सुट्टी आहे. साडेबाराच्या भोंग्याला पंखा फिरला पाहिजे. आनंदाला घेऊन ये, नाहीतर बिल्ला काढ. दोन्ही जमणार नसेल तर हॅन्डलवर मी दुसरा माणूस ठेवतो. तू उद्यापासून येऊ नकोस.”

बाराचा भोंगा झाला तसा भिवा फाटकाकडे पळाला. फाटकावर रघु होता. एरवी गप्पिष्ट माणूस, पण या गडबडीनंतर वरून सक्त ताकीद मिळालेली, की बिल्ला दाखवल्याशिवाय देव आला तरी आत सोडायचा नाही, बाहेरचे लोक घुसून काही करतील.

“रघु, तीनशे अठरा नंबरचा आनंदा कुठं दिसला का रे?”

“सकाळीच आलेला ना. परत लावला त्याला.”

भिवा जागच्या जागी थांबला. “कोनाला? आनंदाला? जित्ता?”

“जिवंत म्हणजे काय, भांडला माझ्याशी. मी बोललो, बिल्ला दाखव. तो बोलला, बिल्ला आत ऱ्हायला. मी बोललो, जा, घेऊन ये. तो बोलला, आत सोडशील तर आणतो ना. मी बोललो, बिल्ला दाखव, सोडतो. असं बराच वेळ चाललं. मागे लाइन खोळंबली, मग गेला.”

“आन् तू काय कोनाला सांगितलं नाय?”

“काय सांगू? बिल्ला नाय त्याला आत सोडला नाय, ही काय बातमी हाय?”

आनंदा मिलमागच्या गल्लीत कौसल्याबाईच्या खानावळीत जेवायचा आणि तिथंच माळ्यावर पथारी टाकायचा. भिवा पोचला तेव्हा तो पथारीच गुंडाळत होता. बाजूला पत्र्याची ट्रंक दोरीनं बांधून तयार. कौसल्याबाई भाकरी थापता थापता म्हणत होती, “जेवून तरी जा रे. गावाला काय तुझ्यासाठी ताट वाढून ठेवलंय?”

भिवानं त्याला आधी नीट पाहून घेतलं. डोकं फुटलेलं नव्हतं. मग त्याच्या खांद्याला हात लावून पाहिला.

“भिवादा, मला काढला ना कामावरनं?” आनंदा म्हणाला.

“कोन बोलला?”

“फाटकावर घेतला नाय. म्हनजे काढलाच.”

“त्या दिवशी तू वर आलास कवा?”

“तुमची हाक आली तशी आलो की. ओ दिली ना तुमाला? वर येतो तर गर्दीनं उचलला. थेट दादर. तिथनं पळापळी झाली तर माहीमला भावोजीकडं घुसलो. मग संचारबंदी. काल रात्री आलो.”

“आन् बिल्ला?”

आनंदानं कमरेला हात लावला, जणू तिथं असेल. “ध्यानातच नाय आला, भिवादा.”

भिवा ट्रंकेवर बसला. माणूस सापडला होता, आणि अडचण होती तिथंच होती. आनंदा आत गेल्याशिवाय बिल्ला निघणार नाही. बिल्ला निघाल्याशिवाय आनंदा आत जाणार नाही. त्यानं हे मनात सरळ मांडून पाहिलं, उलटं मांडून पाहिलं. दोन्हीकडून तेच.

“तुमी काढा ना,” आनंदा म्हणाला. “मी सांगतो. माझा बिल्ला, माझी परवानगी.”

“तू हितं सांगतोयस. खिळा तिथं हाय.”

“म्हनून काय झालं?”

काय झालं ते भिवाला माहीत होतं, पण सांगता येईना. उद्या कोणी येऊन म्हणेल, मला आनंदानं सांगितलंय, काढ. आनंदानं सांगितलं का नाही हे भुयारातल्या आनंदाला कोण विचारणार?

“ए शहाण्यांनो,” कौसल्याबाई म्हणाली, “एक बिल्ला तुझ्या कमरेला हाय ना, भिवा? फाटकावरचा काय नंबर वाचतो? पितळ बघतो नि सोडतो. दे की ह्याला.”

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मास्तरांनाच फाटकावर बोलवावं, हे त्या वेळी तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. भिवाला ते सुचलं संध्याकाळी, आणि मग बराच वेळ तो स्वतःवरच चिडून होता.

भिवानं आपला एक्केचाळीस नंबर आनंदाच्या हातावर ठेवला. अकरा वर्षांत तो पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात गेला होता. “आत जा. खिळ्यावरचा तुझा काढ. मास्तरला तोंड दाखव. मग माझा बिल्ला कोनाच्या तरी हाती फाटकावर धाड. समाजलं?”

“समाजलं.”

“काय समाजलं, बोल.”

“माझा काढायचा. तुमचा तुमाला पोचवायचा.”

सुट्टी संपायच्या घाईत माणसांचा लोंढा फाटकातून आत चालला होता. आनंदानं भिवाकडून मागून घेतलेली टोपी कपाळावर ओढली, बिल्ला उंच धरला आणि गेला. रघुनं पितळ पाहिलं. कौसल्याबाईचं खरं झालं.

भिवा फाटकाबाहेर राहिला. पाण्याच्या नळाचा जाड पाइप तिथं भिंतीतून बाहेर येत होता. पंखा फिरू लागला की त्या पाइपाला बारीक थरथर यायची, हे त्याला ठाऊक होतं. तो पाइपाला तळवा लावून उभा राहिला. साडेबाराचा भोंगा झाला. पाइप गप्प. पावणेएक झाला. गप्पच.

“आत नाय जायचं?” रघुनं विचारलं.

“बिल्ला आत हाय.”

रघुनं त्याच्याकडे नीट पाहिलं. “सकाळी एक असाच आलेला.”

“म्हाईत हाय.”

“मी त्याला जे बोललो तेच तुला बोलनार.”

“त्ये बी म्हाईत हाय.”

एक वाजला. भिवाच्या मनात काय काय येऊन गेलं. आनंदा पकडला गेला असेल. आनंदा बिल्ला घेऊन पळाला असेल, पण आतून पळून जाणार कुठं? पंखा फिरत नाही म्हणजे बिल्ला अजून खिळ्यावर आहे. बिल्ला खिळ्यावर आहे म्हणजे आनंदानं काढला नाही. पण आनंदा तर त्याच कामाला आत गेला. त्याला नोकरी गेल्यासारखी वाटत होती, आणि कशानं गेली तेही धड कळत नव्हतं.

आत काय झालं ते त्याला नंतर कळलं. आनंदा सरळ खिळ्याकडे गेला, आपला बिल्ला काढला, कमरेला लावला. दगडूनं त्याला पाहिलं, “इलंस? बरां झाला,” म्हणाला, आणि गाठी ओढायला माणसं कमी होती म्हणून तिथल्या तिथं गोदामाकडे पिटाळला. आनंदाच्या हातात भिवाचा बिल्ला. कोणाच्या हाती पाठवू, म्हणून त्यानं आजूबाजूला पाहिलं. कोणी रिकामं नव्हतं. तेव्हा भिवाची वस्तू भिवाच्या जागेवर ठेवावी, तो आला की त्याला सापडेल, असा त्यानं विचार केला. भिवाची जागा म्हणजे हॅन्डल. तिथं ठेवायला होता एक खिळा.

दगडू पंखा सुरू करायला परत आला तर खिळ्यावर बिल्ला. तीनशे अठरा नव्हे, एक्केचाळीस.

दगडूनं झडप उघडून हाक मारली. मग ओरडला. मास्तर आले. मास्तर म्हणाले, “हा सकाळचाच प्रकार आहे. हट्टाला पेटलाय तो. काढा बिल्ला, चालू करा.”

“मास्तर, तो भिवाचो बिल्लो असा.”

“मला नंबर वाचता येतो.”

“आनंदो इसरात. मी इसरान. भिवा इसरणारो माणूस न्हय. त्याचो बिल्लो हय असा तर तो आत असा.”

आणि ज्यानं सकाळी खिळ्याच्या पूजेची थट्टा केली होती, त्या दगडू परबानं आपला बिल्ला भिवाच्या बिल्ल्यावर अडकवला, हॅन्डलवर दोघांना उभं केलं, आणि मुकादमकीच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा भुयारात उतरला. पाऊण तास तो आत भिवाला हाका मारत रांगत होता.

दीड वाजून गेल्यावर फाटकाच्या आतल्या अंगाला एक पांढरं भूत आलं. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, टक्कलावर कापसाचा थर. रघु दोन पावलं मागे सरला. भूत रघुला विचारायला आलं होतं की भिवा तांबे सुट्टीत बाहेर गेला तो परत आला का. मग त्याला पाइपाला हात लावून उभा असलेला भिवा दिसला.

दगडू काही वेळ नुसता खोकला. मग म्हणाला, “मेल्या, तू हय?”

“बिल्ला आत हाय,” भिवा म्हणाला.

“तां माका सांगतंस?”

मास्तर मागून आले. त्यांनी रघुला हात केला आणि भिवा बिल्ल्याशिवाय आत गेला, मास्तर आणि दगडू दोन्ही बाजूंना, चोर पकडून नेल्यासारखा. त्यानं खिळ्यावरून आपला बिल्ला काढला. झडप लावली. कडी सरकवली, आणि हात गेला हे या वेळी डोळ्यांनी पाहून घेतलं. मग हॅन्डल वर केला. पावणेदोनला पंखा फिरला. मास्तर घड्याळ पाहून निघून गेले. सुटायच्या वेळी मात्र त्यांनी भिवाला बोलावून सांगितलं, “उद्यापासून हॅन्डलवर दगडू. तू गोदामात गाठी ओढ. कामावरून काढत नाही, एवढं समज.”

भिवा चार दिवस गाठी ओढत राहिला. त्याची पाठ धरली. मन त्याहून जास्त धरलं. आपण नियम पाळला म्हणून पंखा बंद पडला, का नियम मोडून बिल्ला दुसऱ्याला दिला म्हणून पंखा बंद पडला, हे त्याला ठरवता येईना.

पाचव्या दिवशी भुयार झाडायचं होतं. पाळी बुधाजीची, मदतीला आनंदा. दोघं झडपेपर्यंत आले, हॅन्डलवर कोण आहे ते पाहिलं, आणि झाडू बाजूला ठेवून खाली बसले. बुधाजीनं तंबाखू काढली.

“काय झालां?” दगडू म्हणाला.

“काय नाय. भिवादा आला की उतरतो.”

“मी काय वाईट असंय? तुमच्या भिवासाठी मी त्या नरकात जाऊन इलंय.”

“तुमी वाईट नाय, मुकादम,” बुधाजी म्हणाला. “पन तुमी इचार करता. बिल्ला बगून तुमी म्हननार, ह्यो इसरनारा, ह्यो न इसरनारा. भिवादाचा बिल्ला तुमी काढला नाय. माझा काढाल. मी तीनदा इसरलोय.”

दगडू रागावला नाही. त्यानं बुधाजीच्या तळव्यावरची चिमूटभर तंबाखू मागून घेतली आणि मळत बसला. “तुमच्या जाग्यार मी पण उतरलंय नसतंय,” तो म्हणाला, आणि स्वतःच मास्तरांकडे गेला. अर्ध्या तासानं भिवा गोदामातून पाठ चोळत आला. बुधाजीनं बिल्ला अडकवला आणि उतरला.

त्या संध्याकाळी बकुळानं भात वाढला. भिवा हॅन्डलवर परत गेल्याचं तिला आधीच चाळीत कळलं होतं.

“म्हनजे तुमी बरोबर व्हता ना?”

“मास्तर तसं काय बोलला नाय.”

“मग चुकला व्हता?”

“त्ये बी बोलला नाय.”

“आन् तुमाला काय वाटतं?”

भिवा भातात बोटं फिरवत राहिला. भात निवत चालला.

“सकाळपास्नं पावणेदोनपर्यंत पंखा बंद ऱ्हायला,” तो म्हणाला, “आन् भुयारात अडकलेला कोनीच नव्हता.”

“मग?”

“मग काय. कोनीच नव्हता.”

बकुळानं चुलीवरची आमटी उतरवली. मग तिनं त्याच्या भातावर गरम आमटी ओतली.